सासरच्या घराण्याचा शोध: इंग्लंडमधली जुनी मृत्युपत्रं कुठे आणि कशी मिळतात?

डेव्हनकर

नमस्कार मंडळी. लग्न होऊन इंग्लंडला आले त्याला बरीच वर्षं झाली. सासऱ्यांनी ऐंशी ओलांडली आहे, पण घराण्याचा इतिहास म्हटला की अजून रात्री उशिरापर्यंत जागतात. मूळ गाव डेव्हन जिल्ह्याच्या दक्षिण भागात, टॉटनेसच्या बाजूला. चर्चच्या नोंदवह्यांवरून आम्ही दोघं अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोचलो. त्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढंच कळतं. ही माणसं कशी राहत होती, घरात काय होतं, कोणाचं कोणाशी पटत होतं, हे सासऱ्यांना जाणून घ्यायचं आहे. त्यासाठी मृत्युपत्रं बघा असं सगळे सांगतात.

आम्हाला तीन माणसं हवी आहेत. एक शेतकरी, १८२४ मध्ये वारला. त्याची मुलगी, लग्न केलं नव्हतं, १८७१ मध्ये प्लिमथला वारली. आणि त्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमारात होता. तो १८१५ च्या सुमारास मुंबईत वारला असं घरात सांगतात. पैसे भरून वापरायच्या एका संकेतस्थळावर शोधलं तर शेतकऱ्याचं काहीच मिळालं नाही. कुठून सुरुवात करू?

कागदपत्री

ताई, आधी एक तारीख पक्की लक्षात ठेवा: १२ जानेवारी १८५८. त्या दिवसापासून इंग्लंड आणि वेल्समधलं प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र अधिकृतपणे मंजूर करण्याचं, काम चर्चच्या न्यायालयांकडून काढून सरकारी न्यायालयाकडे दिलं गेलं. त्याआधीचा आणि नंतरचा शोध पूर्ण वेगळा आहे. तुमच्या तीन माणसांना तीन वेगळ्या वाटा आहेत, म्हणून एकाच ठिकाणी सगळे सापडणार नाहीत.

१८७१ च्या बाईंचं काम सोपं. १८५८ पासून दर वर्षी 'नॅशनल प्रोबेट कॅलेंडर' नावाची छापील सूची निघत आली आहे, आडनावांच्या क्रमाने. तिच्यात मयताचं नाव, पत्ता, मृत्यूची तारीख आणि जागा, प्रोबेट कोणी आणि कोणत्या कचेरीतून घेतलं, आणि मालमत्तेची किंमत असते. सरकारच्या 'फाइंड अ विल' सेवेवर ही सूची बघायला पैसे पडत नाहीत, मृत्युपत्राची प्रत मागवायला पडतात. शुल्क बदलत असतं, त्या दिवशीचं पाहून घ्या. सूची प्रोबेट मिळाल्याच्या वर्षाची असते, मृत्यूच्या वर्षाची नाही. म्हणून १८७१ मध्ये नाव नसेल तर पुढची दोन-चार वर्षं चाळा. घरात वाद असला तर आणखी पुढे जा.

सूचीतल्या रकमेवरून श्रीमंती-गरिबी ठरवू नका. १८९८ पर्यंत त्या आकड्यात जमीनजुमला धरलेला नसे, फक्त जंगम मालमत्ता असे. 'शंभर पौंडांच्या आत' असं लिहिलेल्या माणसाची शेतीवाडी असू शकते.

बाई अविवाहित होत्या हे शोधाच्या दृष्टीने बरं झालं. विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता कायद्याने नवऱ्याची समजली जाई आणि त्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्र करता येत नसे. हे बदललं १८८२ च्या कायद्याने. त्याआधीची बायकांची मृत्युपत्रं बहुतेक विधवांची किंवा अविवाहित स्त्रियांची असतात. आणि ती वाचायला फार सुंदर असतात, कारण भाच्या, पुतण्या, मैत्रिणी, मोलकरीण अशी सगळी माणसं त्यात येतात. कोणाला कोणता शालीचा जोड, कोणाला चहाचे चमचे, सगळं नावानिशी.

ठाणेकरीण

वाचनखूण साठवली. माझ्या आत्याच्या यजमानांचं आजोळ यॉर्कशायरचं आहे, त्यांनाही हवं आहे. १८५८ च्या आधीचं कोणीतरी नीट समजावून सांगा ना.

कागदपत्री

सांगतो. तेव्हा मृत्युपत्र मंजूर करण्याचा अधिकार चर्चकडे होता आणि न्यायालयांची उतरंड होती. एकाच आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या) हद्दीत मालमत्ता असेल तर आर्चडीकनचं न्यायालय. एकाच बिशपच्या प्रदेशात, पण एकाहून जास्त आर्चडीकनांच्या हद्दीत असेल तर बिशपचं. दोन बिशपांच्या प्रदेशांत पाच पौंडांच्या वर काही असेल तर आर्चबिशपचं वरिष्ठ न्यायालय. उत्तरेला यॉर्क, दक्षिणेला कँटरबरी, आणि दोन्हीकडे मालमत्ता असेल तर कँटरबरी. याशिवाय मध्येच काही गावं अशी होती की तिथे बिशपचाही हुकूम चालत नसे. त्यांची स्वतःची छोटी न्यायालयं होती, त्यांना 'पेक्युलियर' म्हणत. शेजारशेजारच्या दोन गावांची कागदपत्रं दोन वेगळ्या ठिकाणी असणं अगदी नेहमीचं आहे.

म्हणून मी सगळ्यांना आधी नकाशा बघायला लावतो. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर १८५१ चा इंग्लंडच्या गावांचा नकाशा मोफत आहे. गावावर टिचकी मारली की प्रोबेटचं न्यायालय कोणतं ते दिसतं. तिथून मग कागद आज कोणत्या अभिलेखागारात आहेत ते शोधायचं.

कँटरबरीच्या न्यायालयातली मृत्युपत्रं लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. मालिका 'प्रॉब ११', १३८४ ते १८५८, दहा लाखांहून जास्त. नाव, गाव, धंदा टाकून सूची घरबसल्या फुकट शोधता येते. ज्यांच्या आडनावाची स्पेलिंगं फार बदलतात त्यांनी गाव आणि धंदा टाकून शोधावं. यॉर्कची कागदपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, ठाणेकरीण ताईंनी तिथून सुरुवात करावी.

'आमचे पूर्वज साधे, कँटरबरीत कशाला असतील' असं म्हणून ती सूची वगळू नका. समुद्रावर किंवा परदेशात वारलेल्यांची आणि इंग्लंडात काही मालमत्ता असलेल्यांची प्रकरणं तिथेच जात. त्यामुळे साध्या खलाशांची मृत्युपत्रं प्रॉब ११ मध्ये भरपूर आहेत. १६५३ ते १६६० या काळात, राजेशाही नसताना, चर्चची न्यायालयंच बंद होती. तेव्हाची देशभरची सगळी प्रकरणं लंडनच्या एका दिवाणी न्यायालयात आली आणि तीही याच मालिकेत आहेत.

कार्डिफकर

वेल्समध्ये पूर्वज असतील तर नशीबवान आहात. १८५८ च्या आधीची एक लाख नव्वद हजारांहून जास्त वेल्श मृत्युपत्रं नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने ऑनलाइन मोफत ठेवली आहेत, पानांच्या चित्रांसकट. स्कॉटलंडची पद्धत पूर्ण वेगळी, ते 'स्कॉटलंड्स पीपल' या संकेतस्थळावर बघा. आयर्लंडचं मात्र दुःख आहे. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत बहुतेक सगळं गेलं.

टेम्सकाठी

डेव्हनकर, तुम्हाला शेतकऱ्याचं काही का मिळालं नाही ते मला वाटतं मी सांगू शकते, आणि बातमी चांगली नाही. टॉटनेसकडचा शेतकरी म्हणजे बहुधा टॉटनेसच्या आर्चडीकनचं न्यायालय. डेव्हनमधल्या चर्च न्यायालयांची कागदपत्रं पुढे एक्झिटरच्या प्रोबेट कचेरीत एकत्र ठेवली होती. मे १९४२ मध्ये एक्झिटरवर जर्मन बॉम्बहल्ला झाला, त्यात ती कचेरी जळाली. शतकानुशतकांची मृत्युपत्रं आणि घरातल्या वस्तूंच्या याद्या एका रात्रीत गेल्या. सॉमरसेटचीही तिथेच होती, तीही गेली. दुसऱ्या जिल्ह्यांत लोकांना सोळाव्या-सतराव्या शतकातल्या शेतकऱ्याच्या घरातल्या खाटा आणि परातीसुद्धा मोजता येतात, आणि डेव्हनच्या माणसाला बहुतेक वेळा नुसतं नाव मिळतं. मला याचं फार वाईट वाटतं.

डेव्हनकर

सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, एक्झिटर जळाल्याचं त्यांच्या आईच्या तोंडून लहानपणी ऐकलंय, पण त्यात आपले कागदही होते हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मग १८२४ चं काही उरलंच नाही असं धरायचं का?

टेम्सकाठी

नाही, अजिबात नाही. १८२४ हे वर्ष तुमच्या बाजूने आहे. तेव्हा वारशावर कर होता आणि करवसुलीसाठी मृत्युपत्राची एक प्रत लंडनच्या करखात्याकडे जाई. १८१२ ते १८५७ या काळातल्या डेव्हनच्या त्या प्रती जपल्या गेल्या आणि पुढे डेव्हनला परत मिळाल्या. आता त्या एक्झिटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये आहेत. मूळ कागद जळाला, पण शब्दन् शब्द तुम्हाला मिळू शकतो. नाव, गाव, वर्ष लिहून त्यांच्याकडे चौकशी करा.

त्याआधीच्या पिढ्यांसाठी दोन गोष्टी आहेत. आग लागण्याआधी काही संशोधकांनी टिपणं काढून ठेवली होती. ऑलिव्ह मोगर यांनी उतरवून घेतलेली डेव्हनची मृत्युपत्रं त्याच केंद्रात आहेत. जुन्या सूचीही आधीच छापून झाल्या होत्या, त्यामुळे मृत्युपत्र होतं की नव्हतं आणि कोणत्या वर्षी मंजूर झालं एवढं तरी कळतं. जेन्युकी या वंशावळीच्या संकेतस्थळाच्या डेव्हन विल्स प्रोजेक्टने हे धागे एका सूचीत गोळा केले आहेत.

कागदपत्री

यात मी करवसुलीच्या नोंदवह्यांची भर घालतो, कारण त्यांच्याकडे लोक फार कमी वळतात. क्यूला 'आयआर २६' या मालिकेत त्या आहेत, १७९६ ते १९०३. सुरुवातीच्या काळात जवळच्या वारसांना सूट होती, म्हणून सगळी कुटुंबं सापडत नाहीत. १८१५ नंतर मात्र व्याप्ती खूप वाढते. मृत्युपत्रात माणूस काय द्यायचं म्हणतो ते असतं. या वहीत शेवटी कोणाला किती मिळालं आणि त्याचं मयताशी नातं काय, ते असतं. शिवाय कारकून पुढे कित्येक वर्षं समासात भर घालत राहत: विधवा कधी वारली, मुलगी कोणाशी लग्न करून कुठे गेली. मृत्युपत्रात 'माझी सर्व मुलं' एवढंच असेल, तर ती मुलं कोण हे अशा वहीत सापडू शकतं. अक्षर गिचमिड आणि संक्षेपांनी भरलेलं असतं, पण सवयीने जमतं.

सह्याद्री७७

प्रश्न पडला म्हणून विचारतो. शेतकरी, सुतार, खलाशी यांच्याकडे मृत्युपत्र करण्याइतकं होतं का? हा श्रीमंतांचा उद्योग असेल असं वाटतं.

कागदपत्री

बहुसंख्य लोक मृत्युपत्र न करताच जात, हे खरं आहे. पण करणाऱ्यांत सुतार, लोहार, कोळी, छोटे शेतकरी भरपूर होते. ज्याच्याकडे अवजारं, दोन गाई आणि लहान मुलं आहेत, त्याला वाटणीची काळजी जमीनदाराइतकीच असते. आणि मृत्युपत्र नसलं तरी कागद असू शकतो. तेव्हा वारस 'लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', म्हणजे मालमत्तेची व्यवस्था लावण्याचा न्यायालयाचा परवाना, घेत. त्याच्या बंधपत्रात विधवेचं किंवा मुलाचं नाव आणि जामीनदारांची नावं असतात. जामीनदार बहुतेक वेळा मेव्हणा, सासरा किंवा शेजारी निघतो. कित्येक घराण्यांत बायकोचं माहेर अशा जामीनदारावरून सापडलेलं मी पाहिलंय.

वस्तूंच्या याद्यांबद्दलही थोडं लिहितो, कारण मला स्वतःला त्या सगळ्यात प्रिय आहेत. १५२९ च्या कायद्याने मयताच्या मालमत्तेची वाटणी करणाऱ्या व्यवस्थापकाला मयताच्या जंगम मालमत्तेची यादी न्यायालयात द्यावी लागे. दोन-तीन शेजारी घरात शिरत आणि खोलीमागून खोली किंमत लावत जात. हॉल, स्वयंपाकघर, माडीवरची खोली, गोठा, शेतात उभं पीक, कपाटातलं कथिलाचं भांडं. त्यावरून घराचा नकाशा काढता येतो. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर या याद्या विरळ होत जातात. डेव्हनच्या बहुतेक गेल्या, पण ठाणेकरीण ताईंच्या यॉर्कशायरमध्ये मिळण्याची चांगली आशा आहे.

मोडीवाचक

मी पुण्यात मोडी कागद वाचतो आणि गेली काही वर्षं एका इंग्रज मित्रासाठी त्याची जुनी मृत्युपत्रंही वाचून देतो. वाचनाबद्दल लिहितो.

सोळाव्या-सतराव्या शतकातलं 'सेक्रेटरी हँड' हे वळण आजच्या इंग्रजी अक्षरांशी जुळत नाही. मोडीसारखंच आहे, अक्षर एकेकटं ओळखायला गेलात तर अडकाल, लेखकाचा हात एकदा ओळखला की ओळच्या ओळ सुटते. मृत्युपत्राची सुरुवात बहुतेक ठरलेली असते: देवाचं नाव, मग शरीराने आजारी पण मनाने शुद्धीवर असल्याचा निर्वाळा, मग आत्मा देवाला आणि देह अमुक चर्चच्या आवारात. हा साचा पाठ करा आणि त्यावरून त्या लेखकाची अक्षरमाला तयार करा. मग पुढची नावं वाचता येतात. नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर सरावाचे मोफत धडेही आहेत.

मृत्युपत्र इंग्रजीत असलं तरी शेवटची मंजुरीची नोंद १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये असे. घाबरायचं कारण नाही, त्यात फक्त तारीख आणि कोणाला मंजुरी दिली ते शोधायचं. तारखेत एक खाच आहे. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १६९० असं लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १६९१. हे न पाहिल्यामुळे मृत्युपत्र मंजूर आधी झालं आणि माणूस नंतर गेला, असे घोळ वंशावळींमध्ये होतात.

आणखी एक. प्रॉब ११ मध्ये जे दिसतं ती न्यायालयाच्या कारकुनाने वहीत उतरवलेली नक्कल आहे. खालची सही पूर्वजाची नाही. मूळ कागद, जिथे टिकलाय तिथे, 'प्रॉब १०' मध्ये असतो. सासऱ्यांना पूर्वजाच्या हाताची सही किंवा निरक्षर माणसाची खूण बघायची असेल तर तिथे जावं लागेल.

ठाणेकरीण

मृत्युपत्रात एखाद्या मुलाचं नावच नसेल तर त्याला बेदखल केलं असं समजायचं का?

मोडीवाचक

घाईने तसं समजू नका. थोरल्या मुलाला जमीन बापाच्या हयातीतच मिळालेली असे, मुलीला लग्नात हुंडा मिळालेला असे, मग मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख राहत नाही किंवा नाममात्र रक्कम असते. शेक्सपिअरचं घ्या. २५ मार्च १६१६ ची तारीख असलेलं त्याचं मृत्युपत्र कँटरबरीच्या न्यायालयात २२ जूनला मंजूर झालं. मालमत्तेचा मोठा भाग थोरल्या मुलीला, सुझॅनाला. बायकोच्या वाट्याला 'दोन नंबरची चांगली खाट', तीही ओळींच्या मध्ये नंतर घातलेली. त्यावरून नवरा-बायकोचं नातं कसं होतं यावर लोक आजही भांडतात, पण विधवेला कायद्याने किंवा रूढीने वेगळं काही मिळणार होतं का, हा प्रश्न त्या कागदात सुटतच नाही. मृत्युपत्राबाहेर काय ठरलं होतं ते माहीत नसताना माणसाच्या मनाचा निवाडा करू नये.

जलदुर्ग

मुंबईच्या दर्यावर्दी भावाबद्दल मी सांगतो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

मुंबईत १७२८ पासून मेयर्स कोर्ट होतं आणि प्रोबेट देण्याचा अधिकार त्याला होता. १७९८ मध्ये त्याच्या जागी रेकॉर्डर्स कोर्ट आलं, १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि १८६२ मध्ये आजचं हायकोर्ट. म्हणजे १८१५ च्या सुमाराचं प्रकरण रेकॉर्डर्स कोर्टाचं. हिंदुस्थानात मंजूर झालेल्या मृत्युपत्रांच्या नकला लंडनला जात आणि त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. मृत्युपत्रांची मालिका 'एल/एजी/३४/२९', आणि वस्तूंच्या याद्या व हिशेबांची 'एल/एजी/३४/२७'. बंगाल, मद्रास, मुंबई तिन्ही इलाख्यांची. फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर यातलं बरंच चित्रांसकट आहे, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या मोफत सूचीतही नाव घालून बघा. दफनाची नोंद 'एन/३' या मुंबईच्या मालिकेत.

दुसरी मालिका विसरू नका. इथे मरणाऱ्याच्या मागे फार वेळ नसे, त्याच्या वस्तूंचा लिलाव होई आणि हिशेबात कोणती वस्तू कोणी केवढ्याला घेतली ते लिहिलं जाई. दुर्बीण, पुस्तकं, पलंग, कपडे आणि खरेदीदारांची नावं. डेव्हनच्या शेतकऱ्याच्या घरातल्या वस्तू जळाल्या असल्या तरी त्याच्या भावाच्या मुंबईतल्या वस्तू अशा कागदात मिळू शकतात.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. कंपनीच्या माणसांच्या मृत्युपत्रांत इथल्या स्त्रिया आणि त्यांच्यापासून झालेली मुलं अनेकदा येतात. स्त्रीचं नाव कधी अर्धवट असतं, कधी नुसतं एक स्थानिक नाव. तिला अमुक रुपये महिना, मुलाला शिक्षणासाठी विलायतेला पाठवावं, असं काही. त्या स्त्रीबद्दल जगात दुसरा एकही कागद नसण्याची शक्यता असते. असं नाव आढळलं तर ते घराण्याच्या वंशावळीत लिहाच, वगळू नका. तीही त्या घरचीच होती.

टेम्सकाठी

शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत.

आणि सगळ्यांसाठी एक माहिती. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने एक प्रस्ताव मांडला होता: १८५८ नंतरची मूळ मृत्युपत्रं स्कॅन करून घ्यायची आणि ठरावीक वर्षांनंतर कागद नष्ट करायचे, फक्त प्रसिद्ध व्यक्तींचे ठेवायचे. इतिहासकारांनी आणि वंशावळी शोधणाऱ्यांनी त्याला जोरदार विरोध केला. माझंही तेच मत आहे. प्रसिद्ध कोण हे आजच्या माणसाने ठरवू नये. एक्झिटरला काय झालं ते वाचल्यावर तर एकच प्रत ठेवणं किती धोक्याचं आहे हे वेगळं सांगायला नको.

डेव्हनकर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. १८७१ च्या आत्याबाई सापडल्या! त्या वर्षाच्या सूचीत नव्हत्या, पुढच्या वर्षाच्या निघाल्या. प्रोबेट एका पुतण्याने घेतलंय आणि तो आमच्या वंशावळीत नव्हताच. मृत्युपत्राची प्रत मागवली आहे. एक्झिटरला १८२४ साठी ईमेल गेला. दर्यावर्दी भावाचं प्रॉब ११ मध्ये काही निघालं नाही, म्हणून आता इंडिया ऑफिसच्या सूचीकडे वळतोय. त्यात एकाच आडनावाचे दोघं दिसत आहेत, एक १८१४ आणि एक १८१७. कोणता आपला हे कसं ओळखायचं?

जलदुर्ग

दोन्ही मृत्युपत्रं उघडा आणि आधी व्यवस्थापक आणि वारसांची नावं बघा. डेव्हनमधल्या भावाचा किंवा गावाचा उल्लेख असेल तर प्रश्न मिटला. मृत्युपत्र न करता गेला असेल तर प्रशासनाच्या कागदात हुद्दा आणि जहाजाचं नाव मिळतंय का ते बघा, आणि ते बॉम्बे मरीनच्या अधिकाऱ्यांच्या याद्यांशी ताडून पहा. शिवाय १८२४ च्या शेतकऱ्याच्या मृत्युपत्रात भावाकडून आलेल्या पैशाचा उल्लेख असू शकतो, म्हणून एक्झिटरचं उत्तर आलं की इथे टाका.